साथ आली नाही, मग मोजायचं कशाला?

मोठा भूकंप झाला की आठवड्याच्या आत दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, ढिगाऱ्याखाली प्रेतं कुजतायत, आता कॉलरा येणार, सगळ्यांना लशी टोचा. दुसरी पार्टी, जिचं वाचन जरा जास्त असतं, ती म्हणते अहो भूकंपानंतर साथी फारशा येतच नाहीत, हा जुना गैरसमज आहे, कॅम्पांमध्ये रजिस्टरं घेऊन फिरणारी माणसं परत बोलवा आणि तो पैसा पाण्याच्या टाक्यांवर नाहीतर घरांवर खर्च करा. मग महिनाभर हे एकमेकांना मूर्ख ठरवतात, आणि साथ आली नाही की दुसरी पार्टी जिंकली असं मानून सगळे घरी जातात. मला हा वादच चुकीच्या प्रश्नावर चाललाय असं वाटतं. रोगांवर लक्ष ठेवणं म्हणजे काही फक्त साथीचा भोंगा वाजवायची सोय नाही. भूकंपातून सावरणाऱ्या वस्त्यांमध्ये आजारपणाची नोंद ठेवायलाच हवी, छोट्या यादीनं ठेवायला हवी, आणि मुख्य म्हणजे ती कॅमेरे निघून गेल्यावरही चालू राहायला हवी, पहिल्या वर्षभर तर नक्कीच, कारण खरी गडबड बहुतेक वेळा उशिरा होते.

आधी दुसऱ्या पार्टीचं जे बरोबर आहे ते मोकळेपणानं मान्य करू. प्रेतांमुळे साथ पसरते हे खरं नाही. भूकंपात मेलेला माणूस जखमांनी मेलेला असतो, त्याच्या अंगात कॉलरा किंवा इबोलासारखं काही आधीपासून नसेल तर तो मेल्यावर साथ कुठून आणणार? या भीतीपायी हैतीत २०१० साली हजारो प्रेतं ओळख न पटवताच सामूहिक खड्ड्यांमध्ये पुरली गेली, म्हणजे कुटुंबांना ना अंत्यविधी ना मृत्यूचा कागद. दुसरं, मोठ्या साथी खरंच कमी येतात. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसं गेली, पुढ्यात पावसाळा होता आणि कॉलरा, काविळीची धास्ती सगळ्यांनी घेतली होती, तरी ती भली मोठी साथ काही आली नाही. तिसरं, पहिल्या दिवसांत हाडं मोडलेली, चेंगरलेली, किडन्या बंद पडलेली माणसं समोर असताना कुणी फॉर्म भरत बसू नये, हेही खरंच. इथपर्यंत माझं काही भांडण नाही.

पण "कमी येतात" म्हणजे "येतच नाहीत" नव्हे ना. ८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर मुझफ्फराबादच्या एका कॅम्पमध्ये जेमतेम १८०० माणसं राहत होती, कॅम्प कुणी आखलेला नव्हता, पाणी आणि संडास नावालाच, आणि तिथे साडेसातशेहून जास्त लोकांना पातळ जुलाब झाले. बहुतेक सगळी मोठी माणसं. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण जुलाब हा एरवी जास्त करून लहान मुलांचा आजार, आणि धडधाकट मोठी माणसं एकदम पातळ जुलाबांनी आडवी पडायला लागली की कॉलऱ्याचा संशय घ्यावा लागतो. रजिस्टरमध्ये वयाचा रकाना भरला नसेल तर हा फरक दिसणारच नाही, नुसता "जुलाब, जुलाब, जुलाब" असा ढीग दिसेल. पुढे पाण्याची आणि संडासांची सोय झाली आणि ती साथ आटोक्यात आली. त्याच भूकंपानंतर धनुर्वाताचे शंभराहून जास्त रुग्ण सापडले. धनुर्वात एकाकडून दुसऱ्याला होत नाही, म्हणजे शब्दशः ती साथ नाहीच, पण जखमेनंतर काही दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनी तो उगवतो, तोवर बचाव पथकं सामान आवरत असतात. "साथ आली का?" एवढंच विचारणाऱ्याच्या हिशेबात ही माणसं कुठे बसतात?

आता तारखांकडे बघू. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. त्यानंतर ऑगस्ट १९९४ मध्ये, म्हणजे अकरा महिन्यांनी, शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावात आधी मेलेले उंदीर आणि पिसवांचा त्रास, आणि मग गाठीच्या प्लेगचे रुग्ण. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग, शहर सोडून पळालेली लाखो माणसं, बंद झालेली विमानं आणि अडकलेली निर्यात. भूकंपाच्या धास्तीनं लोक घराबाहेर राहायला गेले, धान्य घरांतच पडून राहिलं, त्यावर उंदीर वाढले, आणि जमिनीच्या हादऱ्यांनी रानातल्या आणि घरातल्या उंदरांची सरमिसळ झाली, अशी मांडणी तेव्हा अनेकांनी केली. ती शंभर टक्के सिद्ध झालेली नाही, बीड आणि सुरत यांचं नातंही पक्कं जुळलेलं नाही, हे मी मुद्दाम सांगतोय कारण याची गोष्ट सांगताना लोक फार सफाईदारपणे भूकंप ते प्लेग अशी सरळ रेघ मारून मोकळे होतात. पण माझा मुद्दा सिद्धतेचा नाहीच. उंदीर मरून पडतायत आणि पिसवा चावतायत ही गावकऱ्यांची तक्रार कुणीतरी गंभीरपणे लिहून घेऊन वर पाठवण्याजोगी आहे की नाही? प्लेगमध्ये ती बातमी पहिल्या रुग्णाच्याही आधीची असते. आणि भूकंपाला अकरा महिने झाल्यावर ती ऐकायला तिथे कोण असतं? या धक्क्यानंतरच देशात साथरोग सर्वेक्षणाकडे नीट बघायला सुरुवात झाली, २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला.

नेपाळचंही तसंच. मोठी साथ आली नाही म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये, चार महिन्यांनी, धरानच्या बी. पी. कोइराला संस्थेतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही मुलं ताप आणि धाप घेऊन येतायत आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीयेत. त्यांनी सरकारच्या साथरोग विभागाला कळवलं, तपासण्या झाल्या, निघाला स्क्रब टायफस. उंदरांच्या अंगावर वाढणाऱ्या बारीक किड्यांच्या अळ्या चावून होणारा हा ताप, डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या, स्वस्त गोळीनं बरा होतो, पण ओळखलाच नाही तर माणूस मरतो. तंबूतलं, गवतातलं राहणं आणि उंदरांशी वाढलेला संबंध यामुळे तो वाढला असावा असं मानतात. इथे कुठल्याही फॉर्मवर "स्क्रब टायफस" असा रकाना नव्हता, एका डॉक्टरला काहीतरी खटकलं आणि ते सांगायला त्याच्याकडे जागा होती, एवढंच. कॅलिफोर्नियात १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर दरडी कोसळून धुळीचे लोट उठले आणि व्हेंचुरा काउंटीत मातीतल्या बुरशीमुळे होणारा व्हॅली फीव्हर २०३ जणांना झाला, तिघं दगावले. जुलाब, गोवर, मलेरिया एवढीच यादी घेऊन बसलेल्या माणसाला हा जन्मात सापडला नसता. म्हणून मला वाटतं यादी छोटीच असावी पण तिच्या शेवटी एक रकाना मोकळा सोडावा, "काहीतरी वेगळं दिसतंय" असं लिहायला, आणि तो भरला की फोन उचलणारा माणूस ठरलेला असावा.

आता हैती, कारण तिथे दोन्ही पार्ट्यांची पंचाईत होते. १२ जानेवारी २०१० ला भूकंप, दोन आठवड्यांच्या आत ५१ ठिकाणांहून रोजचं रिपोर्टिंग सुरू, म्हणजे व्यवस्था कागदावर तरी चोख होती. कॉलरा आला ऑक्टोबरमध्ये, नऊ महिन्यांनी, आणि आला तो राजधानीच्या कॅम्पांमध्ये नव्हे तर आर्टिबोनाइट नदीच्या खोऱ्यात, जिथे भूकंपानं फारसं काही पाडलं नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या छावणीतली घाण नदीच्या उपनदीत गेली आणि तिथून पसरली. उलट कॅम्पांमध्ये शुद्ध पाणी मिळत असल्यामुळे सुरुवातीला तिथे झळ कमी बसली. मग रोगांवर लक्ष ठेवणारी ही व्यवस्था फसली का? आठ लाखांच्या वर लोकांना कॉलरा झाला, दहा हजारांच्या आसपास मेले, त्यामुळे यश म्हणायची माझी हिंमत नाही, आणि नोंदवही कुणाला सलाईन लावत नाही हा आक्षेप इथे पूर्ण खरा आहे. पण एक, देशाच्या स्वतःच्या प्रयोगशाळेनं काही दिवसांत कॉलरा पक्का केला, जी गोष्ट शंभरेक वर्षं कॉलरा न बघितलेल्या देशात सोपी नव्हती. दोन, पडझडीचा नकाशा आणि रोगाचा नकाशा एक नसतो हे तिथे कळलं, कारण लाखाहून जास्त विस्थापित माणसं आर्टिबोनाइटकडेच गेलेली होती. आणि तीन, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. संयुक्त राष्ट्रं वर्षानुवर्षं हात झटकत राहिली, आणि फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रेनो पियारू यांनी पहिले रुग्ण कुठे, कोणत्या दिवशी, नदीच्या कुठल्या अंगाला सापडले हे गावागावाच्या नोंदींवरून मांडून दाखवलं. डिसेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. त्या नोंदी नसत्या तर गरीब देशाच्या अस्वच्छतेलाच दोष देऊन विषय मिटवला असता की नाही, तुम्हीच सांगा. आकडे नसलेल्या माणसाची तक्रार ही नुसती तक्रार राहते.

यावर शहाणे लोक म्हणतात, पण ते आकडे खरे कुठे असतात? हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. भूकंपानंतर कुठल्या वस्तीत नेमकी किती माणसं आहेत हेच माहीत नसतं, निम्मी नातेवाइकांकडे गेलेली, उरलेली रोज जागा बदलणारी, मग हजारी किती आजारी हे काढणार कसं? शिवाय टक्केवारी फसवी असते. पहिल्या आठवड्यात ओपीडीत ऐंशी टक्के जखमी असतात, तिसऱ्या आठवड्यात जखमी कमी होतात, आणि जुलाबाचा एक पेशंटही न वाढता जुलाबाचा टक्का आपोआप फुगतो, मग कुणीतरी "जुलाबात वाढ" अशी हेडलाइन करतो. हे सगळं मान्य. पण याचा अर्थ मोजणं सोडून द्या असा होत नाही, बावळटपणे मोजू नका असा होतो. गोवराला टक्केवारी लागतच नाही, गर्दीच्या कॅम्पात एक संशयित गोवर सापडला तरी दुसऱ्या दिवशी माणूस धाडावा लागतो. जुलाबासाठी त्याच तंबू-दवाखान्यातले याच आठवड्याचे आणि मागच्या आठवड्याचे पेशंट शेजारी शेजारी ठेवले तरी पुष्कळ कळतं.

आणि कळतं ते बऱ्याचदा एका साध्या रकान्यात असतं, पत्त्याच्या. दवाखान्यात आलेल्या बाईला "कुठून आलात?" विचारलं की ती आपल्या गावाचं नाव सांगते, जे गाव आता उरलेलं नाही, आणि नर्स तेच लिहून घेते. संध्याकाळी रजिस्टर बघितलं तर जुलाबाचे वीस पेशंट आणि बारा गावं, सगळं कसं विखुरलेलं, काळजीचं कारण नाही. तेच विचारलं असतं की "आत्ता कुठल्या रांगेत राहता, पाणी कुठून भरता?", तर वीसपैकी सोळा जण एकाच टाकीवर पाणी भरतात हे त्याच संध्याकाळी दिसलं असतं, आणि सकाळी त्या टाकीत क्लोरीन आहे का हे बघायला एक माणूस आणि एक टेस्ट किट पुरलं असतं. इथे पाणी की नोंद असा वाद उरतच नाही, कारण रोज माणशी पंधरा लिटर पाणी द्या हा आंतरराष्ट्रीय निकष कुठल्या रांगेत पाळला जात नाहीये हे कळणार कशावरून? टँकरवाल्याच्या वहीवरून? त्या वहीत सगळ्या फेऱ्या पूर्ण झालेल्या असतात.

शून्याचंही असंच आहे. एखाद्या केंद्राकडून रिपोर्ट आलाच नाही आणि एखाद्या केंद्राकडून "गोवर ०, कावीळ ०, पातळ जुलाब ०" असा रिपोर्ट आला, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि थकलेल्या यंत्रणेत त्या एकच धरल्या जातात. कॅम्पांमध्ये अफवा झपाट्यानं पसरतात, कुणीतरी म्हणतं पलीकडच्या कॅम्पात कॉलरानं दहा मेले, आणि रातोरात माणसं हलायला लागतात. त्या अफवेला "असं काही नाही, घाबरू नका" हे उत्तर पुरत नाही, ते सगळेच अधिकारी सगळ्याच वेळी म्हणतात. रोजचे लिहिलेले शून्य हेच उत्तर. जे लोक म्हणतात ना की साथी येत नाहीत, त्यांनी जरा स्वतःलाच विचारावं की हे आपल्याला कळलं कसं? कुणीतरी मोजत होतं म्हणूनच.

लोकांना याचा जाच होतो हा आक्षेप मात्र मला सगळ्यात वजनदार वाटतो. दहा संस्था, दहा फॉर्म, तेच प्रश्न, मुलं किती, जुलाब झाले का, रात्री झोप लागते का, आणि उत्तरं घेऊन गेलेला माणूस परत दिसत नाही. चौथ्या वेळी माणूस खोटं सांगतो किंवा तंबूची चेन लावून घेतो, आणि त्याचं काही चुकत नाही. याची सगळ्यात वाईट आवृत्ती पुण्यानं १८९७ मध्ये बघितलीय. प्लेगचे रुग्ण शोधायला रँडनं घराघरात सैनिक घुसवले, सामान जाळलं, माणसं उचलून नेली, मग लोकांनी आजारी माणसं लपवली, प्रेतंसुद्धा लपवली, आणि २२ जूनच्या रात्री काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी पुण्याजवळ दवाखाना उघडला आणि तिथे सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणत होत्या, त्यातच १० मार्चला त्या गेल्या. रोग तोच, माणसं तीच. एका ठिकाणी सापडल्यावर शिक्षा होती, दुसऱ्या ठिकाणी सेवा. म्हणून माझं म्हणणं असं की ज्या माहितीवर आठवड्याभरात त्या वस्तीत काही करता येणार नसेल ती माहिती गोळाच करू नये, आणि केली तर निकाल दवाखान्याबाहेरच्या फळ्यावर, लोकांना वाचता येईल अशा भाषेत लावावा, आठवड्याला इतके जुलाब, अमुक टाकी साफ केली. फॉर्म सगळ्या संस्थांचा मिळून एकच. ज्यांना आपला वेगळा फॉर्म हवाय त्यांनी तो आपल्या देशात भरावा.

आणि हे काम करायला बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांपेक्षा आधीपासून तिथे असलेली माणसं जास्त उपयोगाची. उत्तर सीरियात युद्धाच्या धामधुमीत २०१३ पासून साथींची पूर्वसूचना देणारी एक यंत्रणा चालू होती, तिचं केंद्र सीमेपलीकडे तुर्कस्तानात गाझियांतेपला. त्याच वर्षी सीरियाच्या पूर्वेकडच्या देर एझ-झोरमधला पोलिओ तिनं पकडला. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानं गाझियांतेपलाच तडाखा दिला, शिवाय सीरियात आधीच्या सप्टेंबरपासून कॉलरा चालू होता, तरी आठवड्याचे अहवाल येत राहिले, कारण कुठल्या दवाखान्यातला कुठला माणूस फोन उचलतो हे आधीच माहीत होतं. असली ओळख भूकंपानंतर दोन आठवड्यांत सॉफ्टवेअर आणून तयार होत नाही. भुजमध्ये २००१ ला सिव्हिल हॉस्पिटलच कोसळलं होतं, अशा वेळी उरते ती माणसं आणि त्यांच्या एकमेकांशी असलेल्या ओळखी.

शेवटचा मुद्दा अशा आजारांचा ज्यांना कुणीच साथ म्हणणार नाही. रक्तदाबाच्या गोळ्या ढिगाऱ्याखाली गेलेल्या, इन्सुलिन ठेवायला फ्रिज नाही, टीबीचा कोर्स अर्धवट तुटला, म्हातारी माणसं शाळेच्या हॉलमध्ये जमिनीवर, संडास लांब म्हणून पाणीच पीत नाहीत. जपानमध्ये २०१६ च्या कुमामोतो भूकंपात थेट ५० माणसं गेली आणि नंतरच्या हालांमुळे दोनशेहून जास्त, म्हणजे चौपट, त्यात बरेच वयस्कर. २००४ च्या निगाता भूकंपानंतर हादऱ्यांच्या भीतीनं गाडीत झोपणाऱ्या काही लोकांच्या पायात रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या फुफ्फुसात गेल्या आणि माणसं दगावली. हे आपल्याला माहीत आहे कारण जपानमध्ये अशा मृत्यूला "आपत्तीशी संबंधित" ठरवणाऱ्या समित्या आहेत, आणि ठरलं तर कुटुंबाला पैसे मिळतात, कमावता माणूस असेल तर पन्नास लाख येनपर्यंत. म्हणजे मोजण्यामागे कुणाचा तरी हक्क उभा आहे म्हणून मोजलं जातं. जिथे असा कायदा नाही तिथे भूकंपानंतर पाचव्या महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये न्यूमोनियानं गेलेली म्हातारी ही नुसती म्हातारपणानं गेलेली असते. अर्थात जपानमध्येही घोळ आहेच. निगाताच्या वेळी नागाओका शहरानं एक ठोकताळा ठरवला की आठवड्याच्या आतला मृत्यू संबंधित धरायचा आणि सहा महिन्यांनंतरचा नाही असं गृहीत धरायचं, आणि २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर इतर ठिकाणच्या समित्याही तो वापरायला लागल्या. फुकुशिमात अणुभट्टीच्या अपघातामुळे लोक वर्षानुवर्षं घरी परतू शकले नव्हते, तिथे या सहा महिन्यांवर जोरदार टीका झाली, आणि तिथे संबंधित म्हणून मान्य झालेले मृत्यू पुढे २३०० च्या वर गेले, भूकंप आणि त्सुनामीत तिथे थेट गेलेल्यांपेक्षा जास्त.